तेरावा महिना

खराडीत सातव्या मजल्यावर
माझ्या हाताखाली अकराशे सत्तर माणसं आहेत.
एकालाही मी पाहिलेलं नाही.
लिंत्सच्या बेकरीत पहाटे तीनला पीठ मळणारी गेर्लिंडे,
धुराडी झाडणारा एक जण, ज्याचं आडनाव
मला अजून नीट उच्चारता येत नाही,
शववाहिकेचे दोन चालक,
आणि चर्चमधले ऑर्गन दुरुस्त करणारा एक म्हातारा,
महिन्याला साडेअकरा तास.

ऑस्ट्रियात प्रत्येक धंद्याचा करार वेगळा.
किती वर्षांनी कुठली पायरी,
रात्र किती वाजता सुरू झाली असं धरायचं,
सगळं छापलेलं.
एक भत्ता तर नुसत्या मळाचा:
कामात अंग, कपडे मळत असतील
तर तासाला इतके सेंट.
पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, भाषांतर चुकलंय.

जूनमध्ये तेरावा पगार, सुट्टीला जा म्हणून.
नोव्हेंबरात चौदावा, नाताळ येतोय म्हणून.

हे मी इंदुबाई ओव्हाळांना सांगितलं
बेसिनपाशी, डबा धुताना.
त्यांनी मॉप थांबवला नाही.
"तेरावा म्हणजे धोंड्याचा का?
तो तीन वर्षांनी येतो, अन् जावयाच्या पोटात जातो."
मग बऱ्याच वेळानं, मॉप पिळता पिळता,
"आमच्यात तेरावा दुष्काळातच येतो, ताई."

सतरा तारीख होती.
पैसे दहाच्या आत येतात
असं ठेकेदार म्हणतो.
गणवेशाचे कापले. दोन खाडे कापले.
त्यातला एक त्या दिवसाचा,
जेव्हा मुंढव्याच्या पुलावरून पाणी जात होतं
आणि आम्हा सगळ्यांना मेल आली होती:
आज घरून काम करा.

त्याच संध्याकाळी गेर्लिंडेची तक्रार आली.
अकरा मिनिटं.
रात्रीच्या दरात अकरा मिनिटं कमी धरली होती.
मी नोंदी काढल्या. बाई बरोबर होती.
दुरुस्ती, फरक,
दिलगिरीची दोन जर्मन वाक्यं,
त्यांचं व्याकरण फिरदोसनं तपासलं.
वरून उत्तर आलं: छान, तत्पर.

आमच्या सिस्टिमला चाचणीचं एक परसदार आहे.
तिथं खोटी माणसं राहतात,
खोट्या पगारावर, खोटे आजारी पडतात.
साडेनऊला मजला रिकामा झाला
तेव्हा मी तिथं एक नवा कर्मचारी उघडला.
नाव: ओव्हाळ, इंदू.
करार: इमारत सफाई.
सेवा: नऊ वर्षं.
मळ: होय.
रात्र: अंशतः.
मुलं:
इथं थांबले.
नऊ वर्षं त्यांच्या ओल्या फरशीवरून चालतेय,
दोन की तीन, माहीत नव्हतं.
दोन टाकली.

स्लिप आली.
विमा वजा, कर वजा, हातात पडणारी रक्कम.
मी तिचे रुपये केले.
ती माझ्या पगाराहून बरीच जास्त होती.
हे फिरदोसलाही सांगितलं नाही,
आणि राग नेमका कुणाचा आला
तेही नाही.
खाली जूनची ओळ: तेरावा.
ठळक नाही, अधोरेखित नाही,
किराणा यादीतल्या मिठासारखी.

शुक्रवारी रात्री अकराला
परसदारातली माणसं पुसली जातात.
कुणाला बटण दाबावं लागत नाही.

सोमवारी इंदुबाईंनीच विषय काढला.
"त्या पिठाच्या बाईला मिळाली का तिची मिनिटं?"
मिळाली म्हटलं.
"बरं झालं. पहाटे उठणाऱ्याचं ठेवून घेऊ नये."
तुमचे पैसे?
"शनिवार म्हणतो."
कुठला शनिवार, ते त्यांनी विचारलेलं नव्हतं.

मी म्हटलं, इंदुबाई, मुलं किती तुम्हाला?

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं,
एकदा खुर्चीखाली.
"तीन," म्हणाल्या. "पाय वर घ्या जरा."